शालनआत्या दहावीला बसली तो मार्च

मार्च लागला की सोलापुरात दुपारी रस्ते ओस पडतात आणि घरं बोलायला लागतात. दार लोटलेलं, खिडकीवर ओला पडदा, पंखा गरगरतोय आणि आतून कुणीतरी पाठ करतंय. कधी रसायनशास्त्रातली सूत्रं, कधी इतिहासातल्या लढायांची कारणं. कडुलिंबाची पिवळी पानं गळून झालेली असतात आणि तांबूस कोवळ्या पालवीतून बारीक मोहोर डोकावत असतो. त्याचा वास कडू की गोड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. स्कूटीवरून कॉलेजला जाताना दोन परीक्षा केंद्रं लागतात. फाटकासमोरच्या सावलीत आया उभ्या असतात. हातात दहीभाताचे डबे आणि डोळे बंद दारावर. मुलं आत, जीव बाहेर. दरवर्षी मी तिथं स्कूटीचा वेग आपोआप कमी करते.

मी मराठी शिकवते. यंदा एक कादंबरी पुन्हा अभ्यासक्रमाला लागली. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाही ती होतीच, नंतरही अधूनमधून लागत आली. माळावरच्या गावातला एक पोरगा, घरी दारिद्र्य, शाळा लांब. बाप म्हणतो गुरं राख, मास्तर म्हणतात शीक. पोरगा मार खातो, उपाशी राहतो, पळून जातो, शिकतो, मोठा होतो. शेवटच्या पानावर तो गावाबाहेर पडतो आणि मागं वळून बघत नाही. या कादंबरीवर हमखास येणारा प्रश्न असा: ‘कादंबरीतून व्यक्त होणारे शिक्षणाचे मूल्य स्पष्ट करा.’ त्याचं उत्तर मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. शिक्षण माणसाला आत्मभान देतं. शिक्षण माणसाला परिस्थितीतून बाहेर काढतं.

परवा वर्गात दुसरा मुद्दा सांगता सांगता मी थांबले. पोरं पेन टेकवून वाट बघत राहिली. मला पुढचं वाक्य आठवत नव्हतं असं नाही. डोळ्यांसमोर शालनआत्या आली. पेनाचं टोपण दातात धरलेली, कपाळाला आठ्या, पाय पसरून भिंतीला टेकलेली. बाहेर कुठून, कुणाला काढतं शिक्षण? आणि ते माणूस पुन्हा आत जाऊन बसलं तर?

शालनआत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. अण्णा माझे वडील, रेल्वेत होते. दोघं कुर्डुवाडीजवळच्या एका खेड्यातली. आजोबा मजुरी करायचे. त्यांनी अण्णांना कुर्डुवाडीच्या शाळेत घातलं, पुढं शिकवलं, आणि आत्याला आठवीतून काढून नातेपुत्याला देऊन टाकलं. तेव्हाच्या मानानं त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे, हातात पुस्तक असलेला. त्या फोटोखाली बसून अण्णा मला सांगायचे, ‘आपल्याकडं दुसरं काय हाय? शिकायचं. खायाला नसलं तरी शिकायचं.’ त्या घरात शिक्षणाबद्दल शंका घेणं म्हणजे आईच्या दुधाबद्दल शंका घेण्यासारखं होतं. मी कधी घेतली नाही. शंका आली ती आत्याच्या पायानं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात ती एका पिशवीनिशी आमच्याकडं आली. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासू रोज म्हणायची, दुसरी करू. आत्याचा नवरा, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, ते नाही म्हणायचे नाहीत आणि हो पण म्हणायचे नाहीत. खाली बघून शेळ्यांना पाला टाकत राहायचे. एक दिवस पाहुणे दुसऱ्या मुलीचा विषय घेऊन घरात आले, आत्यानं त्यांना चहा केला, कपबशा विसळून पालथ्या घातल्या आणि एसटीत बसली.

‘त्यानं नुसतं न्हाई म्हणलं आसतं तरी मी ऱ्हायली आसती, वैनी,’ ती आईला सांगत होती. रडत नव्हती. तांदूळ निवडत होती.

अण्णा चिडले नाहीत, नातेपुत्याला जाऊन भांडलेही नाहीत. दोन-चार दिवसांनी एका संध्याकाळी ड्यूटीवरून आले ते आत्याच्या समोर खाली बसले. अण्णा कधी खाली बसत नसत, त्यांचे गुडघे दुखायचे.

‘शाले, दहावीला बस.’

‘आँ?’

‘सतरा नंबरचा फॉर्म भरू. बाहेरून बसता येतं. तुला शाळेतनं काढलं तवा मी मोठा व्हतो. बोलाया पायजे व्हतं. न्हाई बोललो.’

आत्या हसायला लागली. तिशी ओलांडलेली बाई, हातात पीठ. ‘आरं दादा, पोरं हसतील की मला!’

‘हसू दे,’ अण्णा म्हणाले.

आठवीपर्यंतचं शिकलेलं तिच्या डोक्यात होतं, पण अडगळीत टाकलेल्या सामानासारखं. एक ओढायला जावं तर दुसरंच हाती यायचं. गणितानं तिला छळलं. इंग्रजीनं त्याहून. भूगोल मात्र तिला मनापासून आवडायचा. नकाशा पुढ्यात घेतला की ती हरवून जायची. नद्यांवरून बोट फिरवत ती म्हणायची, ‘सुजे, ही बघ, आपली भीमा. कुटनं निघती आन् कुटं जाती बघ. मला वाटायचं पंढरपुरातच आसती.’ आणि दोघी हसायचो. माझं नाव सुजाता, पण आत्यानं ते कधी पूर्ण उच्चारलं नाही.

आमच्या त्या खोलीत एकच पंखा होता. त्याच्याखाली आमच्या दोघींचे अभ्यास. मी अठरा वर्षांची, कादंबरीत मान घातलेली आणि ती बीजगणितात. शेजारच्या गल्लीतून मागाची खटखट यायची. आत्या म्हणायची, त्या तालावर पाढे चांगले पाठ होतात. दुपारी भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. मग उन्हाची गुंगी. डोळे मिटायला लागले की आत्या तोंडावर पाण्याचा हबका मारायची आणि तसंच ओलं तोंड घेऊन पुस्तकावर वाकायची. पानांवर थेंब पडायचे, वाळायचे, पानं फुगायची. तिची पुस्तकं परीक्षेच्या आधीच जुनी दिसायला लागली होती.

माझी कादंबरी तिनं मला न विचारता वाचून काढली. इतिहासाची उजळणी करायची सोडून. मला कळलं ते ती एकदम बोलायला लागली म्हणून.

‘हे पोरगं लई रडतंय गं.’

‘आत्या, त्याची परिस्थिती बघ ना.’

‘परिस्थितीला काय धाड भरली? सगळ्यांची तसलीच हाय त्यातल्या. बाकीचं कुनी रडतंय का?’

मी तिला समजावलं. हा नायक आहे, संवेदनशील आहे, शिक्षणासाठी तळमळतोय. वर्गात शिकलेलं सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मास्तर चांगला दावलाय. पर त्या मास्तराची बायकू येकदाच येती. च्या घिऊन.’ आणि पुस्तक बाजूला ठेवून चुलीकडं गेली. तिला कादंबरी आवडली की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा म्हणाली फार छान आहे. दुसऱ्यांदा म्हणाली, कशापायी लिहित्यात असलं, जीव कासावीस होतो.

मग मार्च उजाडला. आत्याचं केंद्र आमच्या घरापासून लांब नव्हतं. पहिल्या दिवशी आईनं तिच्या हातावर दही ठेवलं. अण्णांनी रजा टाकली. मी आणि अण्णा तिच्या दोन बाजूंना आणि मध्ये ती. नवी पिवळी साडी नेसलेली, पायात माझ्या चपला. फाटकाशी गणवेशातल्या पोरी घोळका करून उभ्या होत्या. एकीनं तिला ‘मॅडम’ म्हणून वाट करून दिली. त्या पोरीला वाटलं, ही पर्यवेक्षक बाई असणार. आत्या वळून माझ्याकडं बघत इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मग आत गेली.

आणि समोरच्या लिंबाखाली मामा बसलेले होते.

अण्णांनी आधी पाहिलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. मामा पांढऱ्या टोपीत, उकिडवे बसलेले, जवळ एक कापडी पिशवी. ते उठले नाहीत. अण्णांकडं बघून मान हलवली, ओळख असल्यासारखी, नसल्यासारखी. अण्णा त्यांच्यापर्यंत गेले.

‘काय काम काढलं?’

‘काम न्हाई.’

‘तिला न्यायाला आलाव?’

‘न्हाई.’

‘मग?’

मामांनी पिशवीत हात घातला, दोन डाळिंबं काढली, पुन्हा आत ठेवली. ‘पेपर हाय म्हणलं. आलो.’

‘कोन म्हणलं?’

मामा पुन्हा फाटकाकडं बघत बसले. पेपर सुटला तेव्हा तिथं नव्हते. डाळिंबांची पिशवी मात्र लिंबाच्या बुंध्याशी होती. अण्णांनी तिला हात लावला नाही. आत्यानं पिशवी पाहिली, ओळखली असावी, कारण एक क्षण तिचा चेहरा अगदी कोरा झाला. मग तिनं पिशवी उचलली आणि वाटेत मला प्रश्नपत्रिकेबद्दल सांगत राहिली. निबंध ‘माझा आवडता ऋतू’ आला होता. ‘काय लिवलंस?’ अण्णांनी विचारलं. ‘उनाळा,’ ती म्हणाली. ‘पाव्हन्यारावळ्याचा आसतो म्हून.’

प्रत्येक पेपरला ते यायचे. नातेपुते काय इथं आहे? पहाटेची गाडी धरून यायचे, झाडाखाली बसायचे, पेपर सुटायच्या आधी जायचे. अण्णा रागानं आतल्या आत शिजत होते. त्यांना वाटायचं, हे आत्याचं मन मोडायला येतात. आई म्हणायची, ‘त्यांना वाईट वाटत आसंल.’ मला दोन्ही पटायचं. मामांचा मला राग होता, कारण जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा ते बोलले नव्हते. पण त्या झाडाखाली बसलेल्या माणसाकडं बघून राग टिकायचा नाही. आणि टिकत नाही म्हणून स्वतःचाच राग यायचा. आत्या डाळिंब सोलून दाणे वाटीत काढायची आणि अण्णांसमोर ठेवायची. अण्णा खायचे नाहीत. मी खायचे.

शेवटच्या पेपरला मामा आधी निघून गेले नाहीत. थांबले. आत्या बाहेर आली, अण्णांना म्हणाली, ‘दादा, जरा थांब,’ आणि रस्ता ओलांडून झाडाखाली गेली. दोघं उभे होते. ती बोलत होती, ते ऐकत होते. मग ते बोलले, थोडंसंच. तिनं पदरानं कपाळ पुसलं. एक टमटम मध्ये येऊन उभी राहिली आणि ती हलली तोवर आत्या परत आली होती. ‘जेवाया काय केलंय वैनीनं?’ तिनं विचारलं. अण्णांनी तिला विचारलं नाही, काय बोललीस. मीही नाही. आज वाटतं, तेव्हाच विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तरी तिनं खरं सांगितलं असतं का, आणि खरं तिला तरी ठाऊक होतं का, कुणास ठाऊक.

नंतर माझी परीक्षा झाली. तो प्रश्न आलाच. मी पुरवण्या लावून लिहिलं. शिक्षण स्त्रीला स्वतःच्या पायावर उभं करतं, तिला अन्यायाचं दार ओलांडायचं बळ देतं, असं काय काय. लिहिताना डोळ्यांसमोर आत्याच होती, पिवळ्या साडीतली. कादंबरीत बाई जवळजवळ नव्हतीच, पण मी माझ्या उत्तरात बाई आणली. मला त्या पेपरात उत्तम गुण मिळाले.

मृग लागल्यावर आत्याचा निकाल लागला. पास. गणितात अगदी काठावर, भूगोलात झकास. अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले. माझ्या दहावीला वाटले नव्हते इतके. ऑफिसातही नेले. निळ्या कोटातल्या फोटोला नवा हार घातला आणि त्याच्यासमोर आत्याला उभं करून म्हणाले, ‘आता अंगणवाडीचं बघू. मग बारावी. मग नर्सिंगचं. तू थांबायचं न्हाईस आता.’ आत्या मान हलवत होती. खरंच आनंदात होती. शेजारच्या बायका येऊन तिचा हात हातात घ्यायच्या. त्यातल्या एकीनं पुढच्या वर्षी स्वतः बसायचं ठरवलं, आणि बसलीसुद्धा.

आणि एका सकाळी आत्यानं पिशवी भरली.

आम्ही सगळे घरात होतो. अण्णा दाढी करत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

‘दादा, मी जाती.’

‘कुटं?’

‘नातेपुत्याला.’

अण्णांच्या अर्ध्या गालावर साबण होता. ते तसेच उभे. ‘न्यायाला आलाय व्हय त्यो?’

‘न्हाई. माझी मीच जाती.’

‘दुसरी करनार व्हते त्ये.’

‘आता न्हाई करनार.’

‘कशावरनं?’

‘म्हणाला तसं.’

‘आन् त्याच्या म्हणन्यावर तू निघालीस!’ अण्णांचा आवाज चढला. मी त्यांचा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. ‘मग शिकलीस कशाला? आँ? वरीसभर राबलीस, आमी राबलो, ती पोरगी राबली. कशापायी शिकलीस, शाले?’

आत्या जरा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. उलटून बोलायचं म्हणून बोलली नाही. खरोखर विचार करत होती.

‘शिकायचं व्हतं,’ ती म्हणाली.

अण्णा तोंड धुवायला आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. आईनं तिच्या पिशवीत पीठ, चटणी, जुनं लुगडं असं काय काय भरलं. स्टँडवर सोडायला मी गेले. रिक्षात मला वाटत होतं, कुणीतरी माझी उत्तरपत्रिका माझ्या समोर फाडतंय. फलाटावर मी तिला म्हणाले, ‘आत्या, तू हरलीस.’ ती माझा गाल कुस्करून म्हणाली, ‘कुनाशी गं?’ गाडी आली, तिनं खिडकीची जागा धरली, रुमाल टाकला आणि शेजारच्या बाईशी बोलायला लागली. गाडी हलली तरी तिचं बोलणं चालूच होतं.

त्यानंतर अण्णांनी तिचं नाव काढलं नाही. आईनं काढलं की ते उठून जायचे. पुढं माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. घरातल्या कुठल्याही कार्याला आत्या यायची, अण्णा तिच्याकडं न बघता जेवायचे आणि ती त्यांच्या ताटात वाढायची.

मी मात्र नातेपुत्याला जात राहिले. मामांनी दुसरी केली नाही, शब्द पाळला. मूल झालं नाहीच. सासू अंथरुणाला खिळली आणि पुष्कळ काळ तशीच होती. आत्यानं तिचं सगळं केलं, म्हातारीही शेवटपर्यंत तिला बोल लावत राहिली. नोकरी आत्यानं केली नाही. अंगणवाडीची जागा गावात निघाली होती, मी मुद्दाम कळवलं होतं. तिनं अर्ज केला नाही. नवरा-बायको सुखी होते का? मी एकदा गेले तेव्हा दोघं ओट्यावर बसून कशावरून तरी पोट धरून हसत होते. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा चार दिवसांचा अबोला चालू होता आणि दोघं शेळीमार्फत बोलत होते. शेळीला सांगायचं, त्याला म्हणावं भाकरी झालीय.

का गेलीस परत, हे मी तिला किती तरी वेळा विचारलं. एकदा म्हणाली, ‘त्याची दया आली. येवढ्या लांबनं यायाचा आन् न बोलता जायाचा.’ एकदा म्हणाली, ‘तुमच्याकडं सगळी लई चांगली वागायची माझ्याशी. पाव्हनीवानी. किती दिस पाव्हनी ऱ्हाऊ?’ आणि एकदा, मिरच्या खुडता खुडता, ‘मला माझं घर पायजे व्हतं. ते तितंच व्हतं, मग काय करू?’ यातलं खरं कोणतं? मला तिन्ही खरी वाटतात. आणि तिन्ही एकत्र ठेवली की एकही पुरेसं वाटत नाही.

मग मी माझं एक उत्तर तयार केलं, शिकलेली माणसं करतात तसं. मी तिला म्हणाले, ‘आत्या, आधी तू तिथं होतीस कारण तुला दुसरीकडं जाताच येत नव्हतं. दहावी झाल्यावर तुला जाता येत होतं, तरी तू तिथं गेलीस. म्हणजे ते तू निवडलंस. हेच शिक्षणाचं मूल्य, नाही का?’ मला ते उत्तर इतकं आवडलं होतं की मी एका चर्चासत्रात ते वाचूनही दाखवलं होतं, नाव न घेता. आत्यानं शांतपणे ऐकलं, दोनदा समजून घेतलं आणि म्हणाली, ‘आसंल बी तसं. मला न्हाई ठाऊक.’ थट्टा नव्हती त्यात. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

परवा मी हे सगळं वर्गात सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, ‘या प्रश्नाचं उत्तर यंदा तुम्ही तुमच्या मनानं लिहा. तुमच्या घरात शिक्षणानं काय झालं, काय नाही झालं, ते आठवा.’ वर्ग घाबरला. मागच्या बाकावरची अक्कलकोटची पोरगी उभी राहिली. हुशार आहे, घरी कन्नड बोलते, मराठीत तिच्याइतकं नेमकं लिहिणारं वर्गात कुणी नाही. ‘मॅडम, मनानं लिहिलं तर मार्क कुठले मिळतील?’ तिनं विचारलं. ‘मुद्दे द्या की.’ सगळे हसले. मीही हसले आणि मुद्दे दिले. आत्मभान, परिस्थितीवर मात, सामाजिक परिवर्तन. सगळं खरंच आहे ते. त्या मुद्द्यांवरच तर मी आज खुर्चीत बसलेय. अण्णा शिकले नसते तर मी कुठं असते, हे मला कुणी सांगायला नको. मग आत्याचं नाव आलं की हे सगळं ढिलं का पडतं? की ढिलं पडत नाही, फक्त तिच्या मापाचं शिवलेलं नाही? फळा पुसताना खडूची धूळ नाकात गेली आणि पुष्कळ वेळ शिंका येत राहिल्या.

गेल्या वर्षी मामा गेले. अण्णांची नजर साखरेनं बरीच गेलेली आहे, तरी ते नातेपुत्याला आले. मी हात धरून नेलं. ओट्यावर बायका बसल्या होत्या, त्यात आत्या. अण्णा तिच्यासमोर उभे राहिले, अंदाजानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकच शब्द बोलले, ‘चल.’ ती म्हणाली, ‘आत्ता न्हाई दादा. शेळ्या हायत्या.’ एवढंच झालं. इतक्या वर्षांचा अबोला इतक्या साध्या बोलण्यावर संपेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तो संपला की नाही याचीही खात्री नव्हती.

अण्णा आणि आई आता माझ्याजवळच असतात; या हिवाळ्यात शेळ्या विकून तीही आली. आता पन्नाशी कधीच उलटलीय, केस पांढरे, चालताना एका बाजूला झुकते. सकाळी अण्णांच्या खाटेजवळ पाट मांडून बसते आणि त्यांना पेपर वाचून दाखवते. हे कुणी ठरवलं नव्हतं. आई स्वयंपाकात असते, मला वेळ नसतो, आणि एक दिवस अण्णांनी हवेतच विचारलं, ‘आज काय आलंय?’ तर आत्यानं पेपर उचलला. वाचायची सवय कधीच सुटली, त्यामुळं अक्षराला अक्षर जोडत, मध्येच अडखळत वाचते. जोडाक्षर आलं की थांबते. अण्णा चिडतात.

‘परशासन न्हाई. प्र-शा-सन.’

‘तेच म्हणलं की.’

‘तू परशासन म्हणलीस.’

‘तुला कळलं न्हवं? मग झालं!’

मी परवा सकाळी कॉलेजला निघताना दारात चपला घालत होते. आतून तिचं वाचन ऐकू येत होतं. कुठल्याशा जिल्हा परिषदेच्या शाळेत एका बाईनं नवीन काहीतरी उपक्रम केला होता, त्याची बातमी. ती संपली तसं अण्णा म्हणाले, ‘शाले, तू वाया घालवलंस बघ सगळं. मास्तरीण झाली आसतीस.’

माझा हात चपलेच्या पट्ट्यावर थांबला. आता भांडण होणार, की आत्या रडणार, की काहीतरी असं बोलणार ज्यानं माझा इतक्या वर्षांचा गोंधळ मिटेल? आत पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला.

‘व्हय दादा,’ ती म्हणाली. ‘घालवलं आसंल.’ आणि मग, अगदी सहज, ‘पुढचं वाचू का?’

अण्णांनी घसा खाकरला.

‘वाच.’